आमच्या ओट्यावरचा आंतरराष्ट्रीय लवाद

तालुक्याच्या कोर्टात मुरलेल्या वकिलाला १५ मिनिटांत युक्तिवाद संपवायला सांगणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. तेवढा वेळ मला घसा खाकरायला, चष्मा शोधायला आणि 'माझ्या विद्वान मित्रांच्या म्हणण्याला माझी तीव्र हरकत आहे' हे वाक्य सुरात लावायला लागतो. विद्वान मित्र काय म्हणाले ते मी ऐकलेलं नसतं, तो भाग वेगळा. त्यामुळे पुण्यात कायदा शिकणारी भाची दिवाळीला राहुरीत उतरली आणि चपला काढता काढता म्हणाली, "मामा, टीमला ३० मिनिटं, ती दोघींत वाटायची, आणि समोर एक जण घड्याळ धरून बसतो," तेव्हा मला आधी तिच्या अशिलाची काळजी वाटली.

"अशील कोण आहे?"

"कुणीच नाही. मूट आहे ही. खोटी केस."

"खोट्या केसला घाबरायचं नसतं. आमच्याकडे निम्म्या तशाच येतात. फी किती ठरली?"

"फी आम्हीच भरायची, मामा. शिवाय विमानाचं तिकीट."

अशील नाही, फी आपल्याच खिशातून आणि भांडायला जायचं व्हिएन्नाला. मी पंख्याकडे बघत बसलो. मग तिने सगळं समजावून सांगितलं. विलेम विस नावाचे एक डच कायदेपंडित होते, त्यांच्या नावाने आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादाची ही स्पर्धा भरते. १९९४ मध्ये पहिल्यांदा झाली तेव्हा ११ संघ होते, आता साडेतीनशेच्या वर येतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्रश्न जाहीर होतो, डिसेंबरात वादीचं लेखी म्हणणं द्यायचं, जानेवारीअखेर प्रतिवादीचं, आणि ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तोंडी वाद.

"थांब. वादीचं आणि प्रतिवादीचं? तू नक्की कुणाकडून आहेस?"

"दोन्हीकडून. दोन फेऱ्या वादी म्हणून, दोन प्रतिवादी म्हणून."

आतून चकलीचा सोऱ्या थांबल्याचा आवाज आला. आईने दारातून डोकं बाहेर काढलं. "तुझ्या मामाला एका बाजूनं धड बोलता येईना इतकी वर्षं," ती नातीला म्हणाली, "तू दोन्हीकडून बोल बाई. घराण्याचा अनुशेष भरून काढ."

भाचीबरोबर तिची जोडीदारीण आली होती आणि लॅपटॉप मांडीवर घेतलेला एक मुलगा. हा मुलगा संघाचा संशोधक. त्याचं तोंड चिवड्याने भरलेलं असल्यामुळे त्याचं मत मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिघांनी मला खुर्चीत बसवलं आणि भाची म्हणाली, "मामा, तुम्ही रोज कोर्टात उभे राहता. काहीतरी टिप्स द्या ना."

सल्ला मागितलेला माणूस आणि मोकळं सुटलेलं आवर्तन, दोन्ही मग कुणाच्या हातात राहत नाहीत. मी सुरू झालो. पहिली गोष्ट, तयारी नसेल तर पुढची तारीख घ्यावी. पोट दुखतंय म्हणावं, सीनियर औरंगाबादला हायकोर्टात आहेत म्हणावं.

"तिथे तारीख मिळत नाही, मामा."

"अगं, मग तिथली माणसं न्याय मागतात तरी कशी?"

दुसरी गोष्ट, लेखी कैफियत जितकी उशिरा टाकता येईल तितकी उशिरा टाकावी, म्हणजे समोरचा म्हातारा होतो. यावर तिने मला आमचाच कायदा ऐकवला. १९९६ च्या लवाद कायद्यात २०१५ साली कलम २९अ घातलंय, देशातल्या लवादाने १२ महिन्यांत निवाडा द्यायचा. मी म्हटलं, त्यातल्या अकरा महिन्यांत मुदतीचे अर्ज देण्याची माझी तयारी आहे. तिसरी गोष्ट म्हणजे माझं खास अस्त्र. अडचणीचा प्रश्न आला की 'त्या मुद्द्याकडे मी येतोच आहे' असं नम्रपणे म्हणायचं आणि मरेपर्यंत यायचं नाही.

"मामा, तिथले पंच म्हणतात, आत्ताच या."

हे ऐकून मला व्हिएन्ना हे शहर आवडेनासं झालं.

लवादाचा मला अनुभव नाही असं मात्र कुणी म्हणू नये. राष्ट्रीय महामार्गात जमीन गेली आणि मोबदला पटला नाही, तर १९५६ च्या कायद्यानुसार केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जाता येतं. तसले दावे मी चालवलेत. कुणाची विहीर मोजणीत आलेली नसते, कुणाची चिंचेची झाडं पंचनाम्यात बोरीची झालेली असतात. आणि साखर कारखान्याच्या गावात लवाद काय ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ऊसतोड मजुरांचे दर आपल्याकडे नेत्यांच्या लवादातच ठरतात. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे बसले आणि ३४ टक्के वाढीवर तोड निघाली. हे सगळं मी भाचीला तपशिलाने सांगितलं. ती "हो मामा" म्हणत होती आणि मांडीखालच्या मोबाइलवर काहीतरी लिहीत होती. मला वाटलं माझे मुद्दे टिपून घेतेय. नंतर कळलं, मैत्रिणीला 'आता जेवायला बोलवा म्हणावं' असा निरोप होता.

संध्याकाळपर्यंत बातमी टपरीवर पोहोचली आणि सल्ल्यांची आवक वाढली. केस कापणारा म्हणाला, ताईला सांगा, भांडताना मान हलवायची नाही, मान हलली की समोरचा कट मारतो. मेडिकलवाल्याने विमानात उलटी होऊ नये म्हणून गोळ्यांची पट्टी पाठवली, बिलासह. एका अशिलाने बजावलं, की जाण्याआधी शिंगणापूरला तेल वाहायलाच हवं, प्रतिवादीची बाजू शनिवारी पडली तर कोण निस्तरणार? आमच्या गल्लीतल्या एका काकांचा मुलगा दुबईत असतो, त्यामुळे काका परराष्ट्र व्यवहार बघतात. त्यांनी विचारलं, "केस कोणत्या देशांची?"

"मेडिटेरेनिओ आणि इक्वेटोरियाना. लवाद बसतो डॅन्युबियात."

हे तिन्ही देश पृथ्वीवर नाहीत. मूटच्या लोकांनी ते भांडणापुरते तयार केलेत. पण काकांनी डोळे मिटून मान हलवली. "डॅन्युबियात उकाडा फार. सुती कपडे न्या."

खरा घोळ दुसऱ्या दिवशी झाला. या वर्षीचा प्रश्न अजून पोरांच्या अंगवळणी पडला नव्हता, म्हणून तोंडी सरावासाठी त्यांनी २०१८-१९ चा जुना प्रश्न काढला होता. ऐकायला तीन पंच हवेत. वादीने एक नेमायचा, प्रतिवादीने एक, आणि त्या दोघांनी मिळून अध्यक्ष निवडायचा, अशी जगभरची रीत. भाचीने वादीतर्फे आमच्या समोरचे कांद्याचे अडतदार नेमले. तिच्या जोडीदारणीने कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले प्राध्यापक नेमले. या दोघांचं बियाण्यावरून वाजलेलं होतं, अडतदारांच्या मते कांदा बाजारात कळतो आणि प्राध्यापकांच्या मते प्लॉटवर. त्यामुळे अध्यक्षावर एकमत होईना. इतक्यात फराळाचा डबा परत द्यायला मुळा कालव्यावरचे निवृत्त पाटकरी सायकलवरून आले. दोघांनाही ते तितकेच नापसंत होते, म्हणून एकमताने निवडले गेले.

ओट्यावर तीन खुर्च्या मांडल्या. मधल्या खुर्चीत पाटकरी, मांडीवर डबा. भाची उभी राहिली, पदर नसूनही तो खोचल्याची हालचाल केली आणि इंग्रजीत सुरू झाली, "मिस्टर प्रेसिडेंट, मेंबर्स ऑफ द ट्रायब्युनल..."

पाटकऱ्यांनी मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. रात्री दोन वाजता चारीवर शेतकऱ्यांनी त्यांना आयुष्यभर ज्या नावांनी हाका मारल्या त्या छापण्यासारख्या नाहीत. त्यांनी डबा खाली ठेवला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "बोला."

"ते मराठीत बोलायला सांगतायत," मी समजुतीने म्हणालो.

इथे पोरगी अडकली. इंग्रजीत तिचं सगळं घोटून पाठ होतं, पण मराठीत केस सांगायची तर आधी केस काय ते सांगणं आलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कारण प्रश्न होता शर्यतीच्या घोड्याच्या गोठवलेल्या वीर्याचा. निजिन्स्की तिसरा नावाचा नामांकित घोडा. त्याच्या १०० मात्रा मेडिटेरेनिओच्या कंपनीने इक्वेटोरियानाच्या कंपनीला विकल्या.

"म्हणजे... ते... ब्रीडिंगसाठी लागतं ना, आजी..."

"सीमेन ना?" आई चकलीची परात घेऊन बाहेरच आली. "अगं, एवढं लाजायला काय झालं? आपली गाय भरवायला डॉक्टर मोटारसायकलला नायट्रोजनचं भांडं लावून येतो, त्याला चहा मीच देते. एका मात्रेचे किती घेतले त्यांनी?"

"एक लाख डॉलर, आजी."

परात खाली आली. "एका?"

"एका."

"आणि घोडी गाभण राहिली नाही तर?"

"हाच तर मुद्दा आहे!" प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकले. "गर्भधारणेचं प्रमाण किती? किती घोड्यांवर प्रयोग केला? कंट्रोल कुठे आहे? रिप्लिकेशन किती घेतले?"

"सर, मात्रा चांगल्या होत्या यावर वाद नाहीये."

"मग वाद घाला! आम्ही फुले त्रिवेणी केली तेव्हा गीर, होल्स्टिन आणि जर्सी असं तीन रक्तांचं..."

पुढची बरीच मिनिटं फुले त्रिवेणीकडे गेली. घड्याळ धरून बसलेल्या संशोधकाने दोनदा कागद दाखवला, प्राध्यापकांनी तो हातात घेऊन मागच्या बाजूला गाईची वंशावळ काढून दिली. भाची शांत उभी. तिने मला नंतर सांगितलं, की व्हिएन्नात असाच एखादा पंच निघतो, त्याला जे माहीत असतं त्यावरच तो विचारतो, आणि त्याचा अपमान न करता त्याला परत केसवर आणायचं हे लेखी म्हणण्याहून अवघड असतं. तिने काय करावं? "सर, तुमच्या प्रयोगाइतकी खात्री होती म्हणूनच खरेदीदाराने तक्रार केली नाही. म्हणून भांडण राहिलं ते फक्त पैशांचं," असं म्हणून मोकळी झाली. प्राध्यापक खूश होऊन मागे टेकले. मला एवढ्या वर्षांत एकाही न्यायाधीशाला असं टेकवता आलेलं नाही.

मग खरी केस आली. शेवटच्या ५० मात्रा जायच्या बाकी असताना इक्वेटोरियानाच्या सरकारने अचानक ३० टक्के आयात शुल्क लावलं. विक्रेत्याने भरलं, माल पोहोचवला आणि आता तो त्यातले साडेबारा लाख डॉलर मागतोय. करारात कलम आहे, की आरोग्य-सुरक्षेच्या जादा नियमांमुळे किंवा तसल्याच अनपेक्षित घटनांमुळे व्यवहार जड झाला, तर त्याला विक्रेता जबाबदार नाही.

अडतदार इतका वेळ सुपारी कातरत होते. शुल्क म्हटल्याबरोबर अडकित्ता थांबला.

"पोरी, माल पोच द्यायचा ठरला होता का जागेवर?"

"पोच. डीडीपी म्हणतात त्याला."

"मग पोच म्हंजे पोच. रस्त्यातला खर्च देणाऱ्याचा. संपली केस."

"पण काका, शुल्क अनपेक्षित होतं ना! करार झाला तेव्हा कुणाच्या स्वप्नातही..."

"अनपेक्षित?" अडतदारांनी तिन्ही पंचांच्या वतीने हसून घेतलं. "१९ ऑगस्ट २०२३. शनिवार. संध्याकाळी कळलं, कांदा निर्यातीवर ४० टक्के. डिसेंबरात निर्यातच बंद. पुढच्या मे महिन्यात उघडली, पण ४० टक्के तसेच. सप्टेंबरात २० केले. एप्रिल २०२५ ला काढले. आता तूच सांग, सरकारनं शुल्क लावणं अनपेक्षित, का न लावणं?"

भाचीचं तोंड उघडं राहिलं. तिच्या जोडीदारणीने, जी प्रतिवादी होती, हे वाक्य घाईघाईने वहीत उतरवलं. हजारो डॉलर फी घेणारे तज्ज्ञ जे पानभर लिहितात ते अडकित्त्यासकट फुकट मिळालं होतं.

आता अडतदारांना या विषयात कोण शिकवणार? बाजार समितीत गोणी फोडून वरचा कांदा दाखवला आणि खाली गोल्टी निघाली, की व्यापारी वांधा काढतो. मग वांधा समितीची माणसं येतात, कांदा हातात घेऊन दाबतात, दोन्हीकडच्या चार शिव्या ऐकतात, क्विंटलमागे एवढे कमी करा म्हणतात आणि चहाला जातात. माल कधी तपासावा, तक्रार किती दिवसांत करावी यावर १९८० साली व्हिएन्नात देशादेशांनी बसून करार केला. त्याच्या ३८ आणि ३९ व्या कलमांवर ग्रंथ निघालेत. वांधा समितीचं एकच कलम आहे, ट्रॅक्टर हलला की वांधा संपला.

"त्या करारावर आपल्या सरकारची सही आहे का?" अडतदारांनी विचारलं.

"नाही," भाची म्हणाली.

"मग तू कशाला पाठ करतीस?"

हा प्रश्न मात्र तिला व्हिएन्नात कुणी विचारणार नाही, कारण तिथे तो पाठ करायला लावणारेच बसलेले असतात.

प्रेसिडेंट मात्र अजून बोलले नव्हते. मला वाटलं डोळा लागला. पण पाटकऱ्यांना आयुष्यभर बसल्या बसल्या, डोळे मिटून पाणी कुठल्या चारीला वळतंय ते ऐकायची सवय. एकदम म्हणाले, "पोरी, एक सांग. ती शुल्काची बातमी आल्यावर माल पाठवायच्या आधी यानं समोरच्याला विचारलं का, की बाबा, जादा कोण भरणार?"

आता केस कुठे आहे ते सगळ्यांना कळलं. संशोधकाने चिवडा गिळला. भाचीने 'त्या मुद्द्याकडे मी येतेच आहे' असं म्हणायला तोंड उघडलं, माझ्याकडे एक रागाचा कटाक्ष टाकला, कारण ते वाक्य माझं होतं, आणि म्हणाली, "विचारलं होतं. समोरचा म्हणाला, मार्ग निघेल, पण माल लवकर पाठवा. पक्का शब्द दिला नाही."

"बास. एवढंच पाहिजे होतं." पाटकऱ्यांनी पुन्हा डोळे मिटले. ३५ पानांचं लेखी म्हणणं दोन वाक्यांत आटोपलं होतं आणि माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने हे फार वाईट उदाहरण होतं.

फराळाच्या सुट्टीनंतर बाजू बदलल्या. भाची प्रतिवादी झाली आणि ताडकन म्हणाली, "शुल्क ही अजिबात अनपेक्षित घटना नव्हती."

प्रेसिडेंट खुर्चीवरून उठले. "वकीलसाहेब! पोरगी फितूर झाली!"

"नियमच आहे तसा."

"कसला नियम? आत्ता चिवड्याच्या आधी ही उलटं म्हणत होती. चिवड्यात काय घातलं होतं?"

त्यांना समजवायला भाचीने संशोधकाला वेळ थांबवायला सांगितलं. अडतदारांना काहीच वावगं वाटलं नाही. ते म्हणाले, आम्ही सकाळी घेणारे असतो, दुपारी विकणारे, भाव दोन्ही वेळा खरा असतो. प्राध्यापक म्हणाले, हाच कंट्रोल प्लॉट.

वाद संपल्यावर पंचांनी आपापलं मत द्यायचं असतं, हे कुणी तरी त्यांना सांगितलं, आणि तिथे फसलो. ३० मिनिटांच्या वादावर पंचांचा अभिप्राय दिवेलागणीपर्यंत चालला. प्राध्यापकांनी सुचवलं, की घोड्याऐवजी देशी गाय घेतली तर केस बळकट होईल. अडतदार म्हणाले, हातवारे कमी कर, लिलावात बोट उचललं की बोली धरतात. पाटकऱ्यांनी फक्त विचारलं, निवाडा मान्य नसला तर?

"१९५८ चा न्यूयॉर्क करार आहे. डॅन्युबियातला निवाडा पावणेदोनशेच्या आसपास देशांत वसूल करता येतो."

पाटकरी गप्प झाले. त्यांनी दिलेल्या निवाड्यांपैकी एकही बांधाच्या पलीकडे लागू झालेला नव्हता. मग पंचांनी आपसात कुजबूज करून निर्णय दिला: शुल्क दोघांनी निम्मं-निम्मं भरावं, खर्च ज्याचा त्याने करावा, आणि आजींनी चकलीत तीळ जरा वाढवावेत. निर्णय एकमताचा. तिळाबद्दल अडतदारांनी वेगळं मत नोंदवलं.

त्या दिवसापासून टपरीवर पाटकऱ्यांना सगळे 'प्रेसिडेंट' म्हणतात. ते रागावत नाहीत, चहा मात्र दुसऱ्याच्या खात्यावर घेतात.

पोरं पुण्याला निघायच्या सकाळी माझा एक जुना अशील दारात आला. थोरल्या भावाशी त्याचा बांधाचा दावा आहे. त्याची फाइल मी मुलासारखी वाढवलीये. माझ्याकडे न बघता त्याने भाचीला नमस्कार केला.

"ताई, तुम्ही म्हणं दोन्हीकडून भांडता?"

"हो, पण ते मूटमध्ये..."

"फी एकच पडंल ना?" तो ओट्यावर टेकला आणि पिशवीतून सातबारा काढू लागला. "थोरल्याला मी बोललोय. तो तयार आहे. त्याची बाजू आत्ता घ्या, माझी जेवणानंतर. एसटी दुपारचीच पकडा."